सोळाव्या दिवसाच्या गोळ्या

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून आलेल्या माझ्या औषधविक्रेत्या बंधू-भगिनींनो,

ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी या आळे गावात आहे. ज्याला वाचा नाही असे सगळ्यांनी धरले होते, तो इथे पूज्य झाला. म्हणून या गावात मला अशा माणसाविषयी बोलायचे आहे, जो आपल्या काउंटरवर चिठ्ठी पुढे करतो आणि हळूच म्हणतो, "महिन्याच्या नको, पाचच दिवसांच्या द्या."

माझ्या दुकानात एक कांदा पिकवणारे शेतकरी येतात. छातीत दुखले, पुण्याला नेले, अँजिओप्लास्टी झाली. सगळे सरकारी योजनेत बसले, घरच्यांना रुपयाही भरावा लागला नाही. काही दिवसांनी ते डिस्चार्ज कार्ड घेऊन आले. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, रक्तदाबाची एक, साखरेची एक. महिन्याचा हिशेब ऐकून त्यांनी विचारले, "भाऊ, यातली कोणती नाही घेतली तर चालंल?"

एकही सोडून चालत नाही. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी मध्येच थांबली, तर बसवलेला स्टेंटच बंद पडू शकतो. शासनाने केलेला सगळा खर्च शेवटी त्या एका पट्टीवर टांगलेला असतो.

योजनेला मी नावे ठेवत नाही. 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर गेली. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि 1 जुलै 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता प्रत्येक कुटुंबाला 5 लाखांचे संरक्षण आले. ज्या घरांत ऑपरेशनसाठी जमीन गहाण पडायची, तिथे हे मोठे काम झाले आहे. पण तिचे दार रुग्णालयाच्या खाटेपाशी उघडते आणि बहुतेक वेळा तिथेच बंद होते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतही दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस धरलेले आहेत. सोळाव्या दिवशी रुग्ण आपल्या दुकानात येतो. खासगी मेडिक्लेमही बहुतेक वेळा घरी सोडल्यानंतर ठरावीक दिवसांपुरताच असतो. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला हे चांगलेच झाले. पण हप्ता उतरला तरी विमा गोळीपर्यंत पोहोचला नाही.

आता किमतीचे पाहू. आळेफाट्याच्या बाजारात याच शेतकऱ्याच्या कांद्याचा भाव बोली लावणारा ठरवतो. आपल्या काउंटरवर गोळीचा भाव कंपनी छापते. विकताना आणि घेताना, दोन्हीकडे दुसऱ्याने ठरवलेला भाव तोच सोसतो. शिवाय औषध निवडतात डॉक्टर, देतो आपण आणि पैसे मोजतो रुग्ण. म्हणून इथे कंपन्यांच्या स्पर्धेने भाव आपोआप उतरत नाही.

1995 च्या किंमत नियंत्रण आदेशात उत्पादनखर्च धरून वर 100 टक्क्यांपर्यंत वाढ मान्य होती. 2013 च्या आदेशाने खर्च बाजूला ठेवला. बाजारात 1 टक्का किंवा अधिक हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी, अधिक दुकानदाराचे 16 टक्के, हीच आवश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल मर्यादा झाली. बाजार आधीच महाग असेल, तर सरासरीही महागच निघते. आवश्यक यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर दरवर्षी 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

नियंत्रण ठामपणे केले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये लाखाच्या वर विकला जाणारा औषधलेपित स्टेंट 29,600 रुपयांवर आला. पण नुसती किंमत दाबणे हाही उपाय नव्हे. 1954 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, देशाने पेनिसिलिनसाठी सरकारी कारखाना उभारला. त्याच पेनिसिलिनच्या इंजेक्शनची कमाल किंमत ऑक्टोबर 2024 मध्ये 50 टक्क्यांनी वाढवावी लागली, कारण ते बनवणे परवडत नाही असे उत्पादक सांगत होते. स्वस्त औषध हवे असेल, तर ते बनवण्याची आणि मोठ्या प्रमाणात विकत घेण्याची जबाबदारी शासनाने अंगावर घ्यावी लागते. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीचे महामंडळ काढून हे केले. राजस्थानने 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे सुरू केली. आपल्याकडेही 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तरीही तिथून निघालेली 'बाहेरून आणा'ची चिठ्ठी ज्या दिवशी माझ्या हातात पडते, त्या दिवशी माझा गल्ला भरतो आणि रुग्णाचा मोफत उपचाराचा हक्क रिकामा होतो.

आता आपल्या घरातले बोलतो. खरेदीच्या चार-पाच पट एमआरपी छापलेली जेनेरिक पट्टी आपण विकली आहे. छापलेली किंमत कायदेशीर असते, पण ती प्रत्येक वेळी न्याय्य नसते. तो फरक रुग्णाला कळत नाही. आपल्याला कळतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. योजनेत झालेल्या उपचारानंतरची औषधे किमान वर्षभर योजनेतूनच मिळावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा कधीही तुटू नये. आणि औषध नियमावलीतील 65 व्या नियमात दुरुस्ती व्हावी. आज चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून तेच औषध दुसऱ्या नावाने द्यायला आपल्याला मनाई आहे. दर्जा तपासलेले तेच औषध रुग्णाच्या संमतीने देण्याची मुभा फार्मासिस्टला मिळावी.

नियम बदलेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. त्या शेतकऱ्यांना बसवून मी डॉक्टरांना फोन लावला, भावांची यादी वाचून दाखवली. डॉक्टरांनी तीन गोळ्यांची नावे बदलून नवी चिठ्ठी दिली आणि बिल निम्म्याखाली आले. माझा नफा घटला, हे मी लपवत नाही. पण आता ते महिन्याच्या गोळ्या एकदम नेतात.

"पाचच दिवसांच्या द्या" असे उद्या कुणी म्हणाले, तर मुकाट्याने पट्टी कापू नका. का, म्हणून विचारा. त्यानंतरचा फोन तुम्हालाच लावायचा आहे.