आठवणीला हात घालण्याआधी



दासगाव बंदराचं नाव तुम्ही वाचलंय. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला निघालेले बाबासाहेब बोटीनं इथंच उतरले. तेच दासगाव जुलै २००५ च्या पावसात दरडीखाली गेलं. जुई, रोहन, कोंडिवते, सगळी महाड तालुक्यातलीच. दीडशेहून जास्त माणसं मेली. मग २२ जुलै २०२१ ला तळिये.

मातीची दरड उचलायला जेसीबी येतो. डोक्यातली कोण उचलणार? त्यासाठी आता समुपदेशक येतात. आपलीही पोरं-पोरी तो कोर्स करताहेत. बोलतोय त्यांच्याशीच.

छावणीत वही उघडून ‘काय काय पाहिलं, सांगा’ असं विचारू नका. ओकलं की हलकं वाटतं, हा पांढरपेशा समज. आपत्तीनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत जगभर चालली. तपासली तेव्हा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका साफ सांगते, बोलायची सक्ती नको. आधी पाणी, कोरडी जागा, हरवलेल्या माणसाची खबर. बहुतेक माणसं एवढ्यावर सावरतात.

पण वर्ष उलटलं तरी पत्र्यावर पाऊस वाजला की जो पोरांना उचलून बाहेर पळतो, त्याचं काय? तिथं हुनर लागतं. तो दरड आठवत नसतो, तो दरडीतच उभा असतो. बोलता बोलता श्वास तुटला, नजर थिजली, की थांबा. ‘पाय जमिनीला टेकवा. आज वार कोणता? बाहेर कसला आवाज येतोय?’ त्याला आत्तात आणा, मगच पुढे. आठवण थोडी थोडी काढायची, कुठं थांबायचं ते त्यानं ठरवायचं. अर्ध्यात सोडून घड्याळ बघत उठायचं नाही. हे पुस्तकातून येत नाही. एकमेकांसमोर बसून घोटावं लागतं, वर जाणत्याची नजर लागते. दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट घेऊन कुणाच्या जखमेत बोट घालू नका.

आता अवघड भाग. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या आपल्या लोकांना महाडात जेवणावरून उठवून काठ्यांनी फोडलं. आजही तसा मार खाल्लेला पोरगा तुमच्यासमोर येऊन बसेल. मारणारे त्याच गावात, त्याच वाटेवर. दरड कोसळून गेली, हे गेलेले नाहीत. ह्याची भीती जुनी आठवण नव्हे, ती रोजची खबर आहे. त्याला ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ म्हणणारा खोटं बोलतो. आधी त्याच्याबरोबर ठाण्यात जा, ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला लावा, निजायला दुसरं घर बघा. आठवणीचं काम त्यानंतर.

शिकवायला येणाऱ्यांना विचारा, सरावासाठी आणलेल्या उदाहरणांत हा पोरगा आहे का? मोटार अपघात असतो, दरोडा असतो. हा नसेल, तर त्याची केस तुम्ही मांडा आणि त्यांना त्याच्यासमोर बसवा.