बेटानं वेगळा देश व्हावं का?

आम्ही इंदापूरवाले. आजीचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, म्हणून असेल, हा प्रश्न मला जरा लागतो.

मॉरिशस बघा. उसाच्या मळ्यांवर राबायला इंग्रजांनी आपली मराठी माणसंही तिथं नेली. 12 मार्च 1968 ला ते स्वतंत्र झालं. त्याआधीच्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं विरोधात होती बरं का! शेजारचं रियुनियन फ्रान्सचंच राहिलं, तिथं युरो चालतो. मला दोन्ही चालतं.

खटकतं ते चागोस. 1965 ला ते मॉरिशसपासून तोडलं. दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता, म्हणून तिथली माणसंच उठवली. विचारलं कुणी? 2025 च्या मे महिन्यात चागोस मॉरिशसला द्यायच्या करारावर सह्या झाल्या. पण दिएगो गार्सियावर परत राहायला जायची सोय त्यातही नाही.