वाळू, कोळसा आणि विरजण



विळ्यांना धार लावणारा गावात आला की त्याच्या चाकाभोवती पोरे जमतात, ती ठिणग्या पाहायला. अशा चाकांसाठी जे कठीण पदार्थ वापरतात, त्यांपैकी एक म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचिसन या अमेरिकन संशोधकाला ते विजेच्या भट्टीत गवसले. त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. त्या नावाच्या शेपटात आपला कुरुंदच दडलेला आहे बरं का!

अ‍ॅचिसनची रीत आजही चालू आहे. वाळू आणि कोक यांचा ढीग विजेने २००० अंश सेल्सियसच्या वर तापवायचा, आणि मिळालेले मोठे स्फटिक फोडून दळायचे. पण दळणाची गंमत तुम्ही जाणताच. जात्याला नवी टाकी लावली की पिठात कचकच येते. इथे तर दळायची वस्तू जात्याहून कठीण! ती यंत्रच झिजवते, आणि यंत्राचे लोखंड पुडीत उतरते.

आता विचारा, एवढी आच लागते कशाला? वाळूचा कण कितीही बारीक घ्या, कोळसा त्याला फक्त बाहेरून शिवतो. आतल्या अणूंपर्यंत पोचायला वेळ हवा, उष्णता हवी. मग कण बनण्याआधीच दोघांना एकत्र केले तर?

हीच सोल-जेल पद्धत. सिलिकॉनचे एक द्रवरूप संयुग अल्कोहोलात मिसळतात, त्यात पाणी आणि किंचित आम्ल घालतात. कार्बनसाठी साखर किंवा फिनॉलचे राळ विरघळवतात. पाण्याच्या संगतीने सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळ्या गुंफल्या जातात, आणि पातळ द्रावण दह्यासारखे धरते. दुधात प्रथिनांचे जाळे बनते, इथे सिलिकाचे. आणि त्या जाळ्यात कार्बनचा कच्चा माल अडकून बसतो. मग ते वाळवायचे, हवा लागू न देता भाजून साखरेचा कोळसा करायचा, आणि शेवटी आरगॉन वायूत १५०० अंशांच्या आसपास तापवायचे.

शिक्षक बंधूंनी फळ्यावर हिशेब मांडून पाहावा. ६० ग्रॅम सिलिका आणि ३६ ग्रॅम कार्बन यांपासून ४० ग्रॅम कार्बाइड मिळते. उरलेले ५६ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातात. हा वायू विषारी, म्हणून हा प्रयोग घरी किंवा शाळेत करायचा नव्हे. आच जास्त दिली, तर बारीक स्फटिक एकमेकांना गिळून मोठे होतात आणि सारी मेहनत वाया जाते.

बारीकपणाचे महत्त्व किती? एक सेंटीमीटरचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याचे १० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाचे, घन पाडले तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. जवळजवळ सहा गुंठे! म्हणूनच अशी पूड दाबून भाजली की कण घट्ट सांधले जातात. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतालच्या सीलसारख्या भागात एखादे छिद्र राहिले तरी तडा जातो. तिथे हा सांधा मोलाचा. मात्र ही रसायने महाग. धारेच्या चाकाला अ‍ॅचिसनची भट्टीच परवडते.

निसर्गाने मात्र हे मिश्रण फुकट करून ठेवले आहे. भाताच्या तुसात सुमारे १५ ते २० टक्के सिलिका असते, तीही वनस्पतीच्या पेशींत सेंद्रिय द्रव्याशी मिसळलेली. १९७५ साली अमेरिकेत ली आणि कटलर यांनी तुसापासून सिलिकॉन कार्बाइड करून दाखवले. तेव्हा कोकणातल्या एखाद्या भातगिरणीमागे तुसाचा ढीग दिसला, तर मुलांना थांबवून सांगा: इथे वाळू आणि कोळसा आधीच विरजून ठेवले आहेत. पदार्थ कठीण करायला जोर लागतोच, पण त्याआधी लागते ती नीट मिसळण.