जग संपलं, मालकी उरली

(टिटवाळा येथे महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी सांगणाऱ्या स्वस्तातल्या विज्ञानपटांवर मी बोलणार म्हटल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. हसण्यासारखंच आहे. ओसाड माळ, फाटके कपडे, गंजक्या गाड्या आणि उरलेली चार माणसं! पण आपल्या कामाशी त्यांचा संबंध आहे.

असे चित्रपट अमेरिकेत १९५० नंतर भराभर निघाले. अणुबॉम्बची भीती होतीच. शिवाय जग नष्ट झालं म्हटलं की गर्दी जमवायला नको, सेट उभारायला नकोत. रॉजर कॉर्मन यांचा १९६० सालचा 'लास्ट वुमन ऑन अर्थ' घ्या. पटकथा पुरी झाली नव्हती म्हणून लेखकालाही चित्रीकरणाला नेलं आणि त्यालाच एक भूमिका दिली. हवेतला प्राणवायू काही वेळ नाहीसा होतो. समुद्राखाली पोहत असलेले तिघेच वाचतात: एक धनिक, त्याची बायको आणि त्याचा वकील. बँका, कोर्टकचेऱ्या, लग्नाचे दाखले, सगळं निकालात निघालं. तरी दोघे पुरुष कशावरून भांडतात? ही बाई कुणाची यावरून.

१९७५ च्या 'अ बॉय अँड हिज डॉग'मध्ये अणुयुद्धानंतरचं २०२४ साल दाखवलंय. ते साल येऊन गेलंसुद्धा. त्यातला कुत्रा वासावरून पोराला बायका हुडकून देतो आणि शेवटी पोरगा मुलीलाच मारून कुत्र्याचं पोट भरतो. जोॲना रस या स्त्रीवादी विज्ञानकथा लेखिकेने त्यावर कडक टीका केली होती. कल्पनेला पैसे पडत नाहीत. हे लोक सरकार उडवतात, शहरं उडवतात. बाईवरची मालकी तेवढी उडवायचं त्यांना सुचत नाही.

आता आपल्याकडचा चित्रपट. मनीष झा यांचा 'मातृभूमी' २००३ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे २००५ मध्ये लागला. इथे बॉम्ब नाही की प्रलय नाही. मुली जन्मताच मारत मारत एक गाव बायकांविना उरलंय, एवढंच. बाप पैसे घेऊन आपल्या मुलीचं, कल्कीचं, पाच भावांशी लग्न लावतो. सासराही आपली पाळी लावून घेतो. तिच्याशी माणसासारखा वागणारा धाकटा नवरा भावांच्याच हातून मरतो. पळून जायचा प्रयत्न केला म्हणून तिला गोठ्यात साखळीने बांधतात आणि तिच्या देहावरून जातीजातीचे सूड उगवले जातात.

हे कुणी आधी सांगितलं नव्हतं असं नाही. १९८३ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त धर्मा कुमार यांनी मांडलं होतं की मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल. आपल्या मराठी मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी तिथेच उत्तर दिलं: बायकांचा तुटवडा झाला तर बलात्कार, पळवापळवी आणि एकीवर अनेकांचा हक्क वाढेल. वस्तू दुर्मीळ झाली की तिला कुलूप लागतं, वस्तूला मत मिळत नाही. हरियाणात विकत आणलेल्या बायकांना 'मोलकी' म्हणतात, ही वाढलेली किंमत!

आपल्या महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला, १९८८ साली. तरी शून्य ते सहा वयातल्या हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पुरुषांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. मागणी काय, तर बायको मिळवून द्या आणि गर्भलिंगाचा कायदा कडक राबवा. मागणीचा दुसरा भाग आपलाच आहे, म्हणून अधिक सावध राहायला हवं. मुलगी जगावी ती कुणाला नवरी मिळावी म्हणून नव्हे. (तुमच्या टिटवाळ्याच्या गणपतीला लग्न जुळावं म्हणून किती आया नवस बोलतात, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्यांना हसू नका. त्यांच्याशीच तर बोलायचंय.)

'मातृभूमी' मंडळात दाखवावा का? माझं मत: सरसकट नको. अत्याचार पुन्हा पुन्हा येतात आणि कल्की जवळजवळ गप्पच राहते. तिला काय हवंय हे दिग्दर्शकालाही फारसं ठाऊक नसावं. ज्यांनी हे सोसलंय त्यांना आधी सांगा, उठून जायची मोकळीक ठेवा. आणि चर्चेत 'भ्रूणहत्या' शब्द येऊ देऊ नका. गर्भपाताचा हक्क आपल्याला हवाच आहे. विरोध लिंग पाहून केलेल्या निवडीला आहे.

जोडीला लिझी बोर्डन यांचा १९८३ चा 'बॉर्न इन फ्लेम्स' मिळाला तर बघा. तोही अगदी तुटपुंज्या पैशांत काढलेला, क्रांती होऊन दहा वर्षं झालेल्या न्यूयॉर्कचा. क्रांतीनंतरही बायकांच्या नोकऱ्या जातात, रस्त्यात त्यांच्यावर हल्ले होतात. मग बायका सायकलींवर शिट्ट्या वाजवत गस्त घालतात, स्वतःची रेडिओ केंद्रं चालवतात, आपसात कडाडून भांडतातही. इंग्रजी आहे, मध्ये मध्ये थांबवून सांगावं लागेल.