किरणोपचाराचे कमी झालेले दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हा विषय चारचौघींत काढावा का, असा संकोच काहींना वाटला असेल. पण लाजेपायी छातीतली गाठ लपविणाऱ्या बायका मी किरणोपचार विभागात फार पाहिल्या. म्हणून उघड बोलते.

गाठ लहान असतानाच कळली, तर सगळा स्तन काढावाच लागतो असे नाही. गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून बाकीचा राखता येतो. मात्र मागे राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठी नंतर बहुधा शेक घ्यावा लागतो. २०११ साली १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र मांडली गेली. दहा वर्षांत रोग उलटला तो शेक न घेतलेल्यांत शंभरांत ३५ जणींना, घेतलेल्यांत १९ जणींना.

अडचण होती दिवसांची. जुनी पद्धत २५ हप्त्यांची. रोज एक, म्हणजे पाच आठवडे. रत्नागिरीकडच्या बाईने मुंबईत इतके दिवस राहावे कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते, हे खरे. पण मागे मुले, गुरे, शेत कोणी पाहावे? या धास्तीने कित्येकींनी 'सगळाच काढून टाका' म्हटले. काहींनी तर उपचार अर्धा टाकून गाव गाठले. मला त्याचे फार वाईट वाटे.

कॅनडात १,२३४ स्त्रियांवर १६ हप्त्यांची पद्धत जुनीशी ताडून पाहिली. २०१० साली दहा वर्षांचे फळ प्रसिद्ध झाले : रोग उलटण्याचे प्रमाण शंभरांत ६.२, जुन्या पद्धतीत ६.७. ब्रिटनमध्ये १५ हप्ते, म्हणजे तीन आठवडे, हेही तितकेच गुणकारी ठरले. पुढे तिथेच पाच हप्ते एका आठवड्यात देऊन पाहिले; त्याचे पाच वर्षांचे निकाल २०२० साली आले आणि तेही चांगले आहेत.

"दिवस कमी, म्हणजे औषध अर्धेच का हो ताई?" असे एका आजींनी मला विचारले. तसे नव्हे. किरणांचे माप ग्रे. पूर्वी रोज २ ग्रे देत, एकूण ५०. पंधरा हप्त्यांत रोज सुमारे २.६७ देतात, एकूण ४०. हप्ता मोठा असला की कमी बेरीज पुरते. मोठ्या हप्त्याने चांगले मांस आखडेल अशी पूर्वी भीती होती. ब्रिटनच्या या चाचणीत ते उलट कमीच आखडले.

सर्वांना एकच माप लागू नाही. तरुण वयात गाठीच्या जागी काही हप्ते जादा देतात. कातडी लाल होते, थकवा येतो. पण हप्ता काही मिनिटांचा असतो आणि दुखत नाही. यंत्राने बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. त्याच संध्याकाळी नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे. सासवासुनांत यावरून उगाच वेगळी भांडी मांडलेली मी पाहिली आहेत!

डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितले, तर 'तीन आठवड्यांत माझे होईल का, नसल्यास का नाही?' असे सरळ विचारावे. आता कोणास काही विचारावयाचे असल्यास मी चहा होईपर्यंत इथेच आहे.