घर घेताना पाण्याची वाट



घर घ्यावयाचे म्हटले की आपल्याकडे मुहूर्त पाडव्याचा, फार तर अक्षय्यतृतीयेचा. म्हणजे जागा पाहावयाची ती भर उन्हाळ्यात. खोल्या किती, उजेड कसा, नळाला पाणी किती वेळ, हे सारे आपण विचारतो. आभाळातून पडलेले पाणी जाते कोठून, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारावयाचे सुचणार तरी कसे? ओढा आटलेला, गटार कोरडे, अंगणात धूळ!

पुण्याच्या श्रोत्यांना आंबिल ओढ्याची ओळख करून द्यावयास नको. कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळणाऱ्या या ओढ्याकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने सीमाभिंती पाडल्या, मोटारी वाहून नेल्या, आणि माणसेही नेली. ओढा वस्तीत शिरला, असे लोक म्हणाले. आधी कोण कोणात शिरले होते, हे आम्ही येथे सांगत बसत नाही.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पडला की १०,००० लिटर झाले; एक मोठा टँकरच! पूर्वी यातले बरेचसे अंगणातली माती पिऊन टाकी. आता अंगणाला फरशी आणि रस्त्याला काँक्रीट.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी जोते पाहा. जुन्या घराचे जोते बांधतेवेळी उंच असतेच. पण रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, जुना खरवडला जात नाही, आणि दोन पायऱ्या चढून जावयाचे घर हळूहळू एक पायरी उतरून जावयाचे होते. मग भिंतीशी वाकावे. लोणा, पोपडे, गुडघ्याइतकी उंच मळकी रेघ ही तर साक्षच. पण वरची भिंत जुनी आणि खालचे तीन फूट तेवढे नवे रंगविलेले असतील, तर अधिकच सावध व्हावे. शेजारच्या दुकानदाराने दारात वीतभर बांध घातला आहे काय? विजेचा मीटर छातीच्या वर नेला आहे काय? दलालापेक्षा त्याला विचारावे. दलालाला दलाली मिळते, माल दुकानदाराचा भिजतो.

कागदही पाहावेत. जुना गावनकाशा आजच्या विकास आराखड्याशेजारी ठेवला की कोणता नाला कोठे नाहीसा झाला ते दिसते. नदीकाठी निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. वरच्या मजल्यावर घर घेणारानेही निर्धास्त राहू नये. लिफ्टचा खड्डा, पंप आणि वाहने खालीच असतात.

विकणारा म्हणेल, मुहूर्त साधा, पुढे भाव चढेल. तरी जमल्यास विसार थोडा लांबवावा. आषाढात एक जोराची सर थांबली की तेथे जावे, आणि अर्ध्या तासानंतर फाटकाशी किती पाणी उरले आहे, ते कोणत्या बाजूस सरकते आहे, हे उभे राहून पाहावे. दलाल सोबत नसला तरी चालेल.