वस्तूची घडण आणि अहिंसा



अहिंसेचा विचार करताना प्रामुख्याने आहार आणि आचार यांकडे लक्ष जाते. परंतु मनुष्य नित्य ज्या वस्तू हाताळतो, त्यांच्या घडणीतही हिंसा अथवा अहिंसा दडलेली असते. वस्तू किती काळ टिकेल, मोडल्यास कोण दुरुस्त करील, वापरणाऱ्याच्या शरीराला ती झेपेल काय आणि टाकून दिल्यावर ती कोठे जाईल, या प्रश्नांची उत्तरे तिचा आराखडा तयार होतानाच ठरून जातात.

या विचाराचे एक बोलके उदाहरण विदर्भाच्या जिव्हाळ्याच्या पिकाशी, कापसाशी, निगडित आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी मननीय होत्या. चरखा वजनाने हलका असावा, खेड्यातील झोपडीत हाताने अथवा पायाने चालावा. स्त्रीला फारसे श्रम न होता त्यावर आठ तास काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. वेळोवेळी देखभाल केल्यास तो किमान वीस वर्षे चालावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सर्व अटी पूर्ण करणारा चरखा न निघाल्याने बक्षीस कोणालाच मिळाले नाही. तथापि यंत्राआधी माणसाचा विचार कसा करावा, याचा धडा त्या अटींनी घालून दिला. पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी शेजारच्या वर्धा येथे महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय याच दृष्टीचे प्रतीक होय.

ही दृष्टी सुटली की काय घडते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली अनुभवले. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती आणि औषधाचे तुषार थेट चेहऱ्यावर येत होते. दमट उकाड्यात अंगभर संरक्षक पोशाख घालून दिवसभर राबणे कठीण. डब्यावरील बारीक अक्षरांतील सूचना मजुराने वाचणे त्याहून कठीण. दोष केवळ निष्काळजीपणाचा मानला, तर मृतांवरच अन्याय होतो. ज्याच्या पाठीवर पंप असतो, त्याचा विचार औषध, पंप, पोशाख आणि सूचना यांच्या घडणीत झाला होता काय, हा खरा प्रश्न आहे.

वस्तूंना जे लागू, तेच सेवेलाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटांवर बंदी आणली. त्यांची जागा अनेक ठिकाणी प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदी ताटांनी घेतली. एकदा वापरून फेकण्याची सवय मात्र तशीच राहिली. स्टीलच्या ताटांचा संच एकदा घेतला की वर्षानुवर्षे शेकडो पंगतींना पुरतो. मात्र नुसती ताटे विकत घेऊन भागत नाही. धुण्याची जागा, मोजणी, साठवण आणि जबाबदार व्यक्ती, एवढी व्यवस्था आखली तरच ती सेवा टिकते. यवतमाळच्या उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असताना पळसाच्या पानांच्या पत्रावळी अधिक योग्य ठरतात. त्या मातीत मिसळून जातात. काळ व स्थळ पाहून निवड करणे, हाही विवेकच होय.

जैन परंपरेत प्रत्येक क्रिया सावधपणे करण्यास ‘जयणा’ म्हणतात आणि अनावश्यक संग्रह टाळण्यास ‘अपरिग्रह’. ताटात अन्न न टाकण्याचा, ताट धुऊन ते पाणी पिण्याचा संस्कार अनेक घरांत आजही जिवंत आहे. तीच दक्षता खरेदीच्या वेळी पाळली जावी. संस्थेने वस्तू घेताना दरपत्रकातील किमतीबरोबर तिचे आयुष्य, दुरुस्तीची सोय आणि तिचा अखेरचा मुक्काम हे तीन रकाने भरावेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा नियम जरी रूढ झाला, तरी पुढील पिढीच्या हाती संस्थेच्या वास्तूबरोबर स्वच्छ भूमी आणि निर्मळ जलही सोपविता येईल.